सगळा उतारच आहे

कचेरीत माझ्या टेबलासमोर भिंत आहे आणि त्या भिंतीवर एक निळी रेषा आहे. मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात बसतो. म्हणजे लोक येऊन मला सांगतात की पाणी येत नाही, आणि मी त्यांना सांगतो की येईल. या कामाला बुद्धी फारशी लागत नाही, पण डोळ्यांना टेकायला काहीतरी लागतं. कुणाची गळती, कुणाचा गढूळपणा, कुणाच्या शेजाऱ्यानं चोरून लावलेला पंप, हे सगळं ऐकताना मी "हो, हो" म्हणत त्या रेषेकडे पाहत असतो. डोंगरातल्या तलावापासून शहराच्या टाकीपर्यंत येणाऱ्या आमच्या मोठ्या पाइपाचा तो जुना नकाशा आहे. डावीकडे वर तलाव, उजवीकडे खाली शहर, आणि मधून ती रेषा, कुठेही न अडखळता अलगद उतरत आलेली. इतकी शांत रेषा मी दुसरी पाहिलेली नाही. नकाशाचा खालचा अर्धा भाग फायलींच्या कपाटामागे गेला आहे, आणि त्याबद्दल आजवर कुणाची तक्रार आलेली नाही.

दुपार कलली की मी त्या रेषेवरून सायकलवर निघत असे. मनातल्या मनात, अर्थात. पॅडल मारायचं नाही, नुसतं बसायचं. दोन्ही बाजूंना उंच गवत, कानात वारा, चाकांची ती बारीक किरकिर, आणि समोर बसलेल्या बाई हळूहळू मागे पडत पडत कुठल्यातरी वळणाआड जाताहेत. "साहेब, ऐकताय ना?" असं त्यांनी विचारलं की मी ब्रेक लावायचो. मनातले मांडे खायला परवानगी लागत नाही, हा सरकारी नोकरीतला एक मोठा फायदा आहे.

हे सगळं मनातच राहिलं असतं. पण आमची मुलगी खरोखरची सायकल चालवते. दर रविवारी ती डोंगरात जाते आणि संध्याकाळी चिखलाचा एक पुतळा दारात उभा राहून "मी आले" म्हणतो. तिच्या सायकलीची चाकं जाडजूड आहेत, पुढे स्प्रिंगा आहेत आणि बसायची जागा एवढीशी आहे, म्हणजे ज्या भागाला खरी गरज त्याच्याच बाबतीत कंजुषी. अशाच एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, एकदा तुम्ही सगळे चला ना. दोनतीन दिवस. मी सांभाळून नेते."

एरवी मी वर्तमानपत्राची घडी घातली असती आणि विषय तिथेच मिटला असता. पण त्या दिवशी ताई चहाला आली होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. भावोजी गेल्यापासून ती घराबाहेर पडते ती दोनच कामांना, बाजारहाट आणि आमच्याकडचा चहा. बाकी दिवसभर ती घरी असते आणि विचारलं तर "मजेत" म्हणते. हा शब्द ती ज्या आवाजात म्हणते तो मला ऐकवत नाही. तर ताईनं त्या चिखलानं माखलेल्या सायकलीकडे पाहिलं, घंटी दिसेना म्हणून हँडल चाचपलं आणि एकदम हसली. "आम्ही कॉलेजला सायकलनं जायचो," ती भाचीला म्हणाली. "तुझ्या बाबाला मी मागे बसवून न्यायची. रडायचा."

रडण्याचा तपशील बाजूला ठेवू. ती हसली, हे महत्त्वाचं. मी लगेच म्हटलं, "तूही चल."

ताईनं कप खाली ठेवला. "येते. पण माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही. वळणावर उभं राहून 'म्हातारी येतेय का' असं बघत बसलात, तर त्या जागेवरून मी परत फिरेन. आणि मग मला पुन्हा कुठे चल म्हणायचं नाही."

ताईच्या शब्दाची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका शिंप्यानं एकदा तिच्या ब्लाउजची बाही आखूड केली, तेव्हापासून तिनं त्याच्या दुकानावरून जाणं सोडलं. पुढे शिंपी वारला, त्या जागी चष्म्यांचं दुकान आलं, ताईला चष्माही लागला. ती अजून मागच्या गल्लीनं जाते. तेव्हा 'पुन्हा म्हणायचं नाही' म्हणजे पुन्हा नाही.

आता आली का पंचाईत. मुलगी सुटली की बाणासारखी सुटते. ताईनं सायकलीला हात लावून जमाना लोटला. मी या दोघींच्या मध्ये कुठेतरी, असं मी समजत होतो. अशा तिघांनी डोंगरात जायचं आणि कुणी कुणासाठी थांबायचं नाही, हे जमावं कसं? मुलगी म्हणाली, चढावरच माणसं मागे पडतात, उतारावर नाही. आणि त्याच क्षणी, कप हातात असताना, माझ्या डोळ्यांपुढे ती निळी रेषा उभी राहिली. तलावापासून टाकीपर्यंत सगळा उतार. पाइपाशेजारून खात्याचा कच्चा रस्ताही जातो. मला इतकं सुचलं की चहा गार झाला.

"फोनवर हा रस्ता दिसतच नाहीये," मुलगी म्हणाली. "आणि मध्ये डोंगर दिसतायत बाबा."

"असतील. पाइप कडेकडेनं गेला असेल. अगं, पाणी कधी चढ चढतं का?"

माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते. तिनं वह्या तपासता तपासता मान वर केली आणि म्हणाली, "हे मात्र बरोबर आहे." विज्ञानानं माझ्या बाजूनं साक्ष दिल्यावर आणखी काय हवं होतं? बायकोनं एवढंच जाहीर केलं की ती सामान घेऊन मोटारीनं डांबरी रस्त्यानं येईल, कारण कुटुंबात एकाच्या तरी चाकाला इंजिन असावं.

सहल ही गोष्ट दारं बंद करून ठरवता येत नाही. बातमी जिन्यातून वर गेली आणि जिन्यातून सल्ले खाली आले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, निरनिराळ्या कुवतीची माणसं एकत्र न्यायची तर आधी परीक्षा घ्यावी लागते. त्यांनी इमारतीच्या आवारात पाण्याच्या टाकीभोवती खडूनं इंग्रजी आठाचा आकडा काढला आणि खुर्ची टाकून बसले. मुलीनं तो एका हातानं काढला. ताई सुरुवातीला भिंतीशी बोलल्यासारखी भिंतीकडेच जात राहिली, पण थोड्या वेळानं तिचं चाक सरळ झालं आणि ती आठाऐवजी सबंध आवाराला एक मोठी फेरी मारून आली, चेहरा लाल, केस विस्कटलेले. मी त्या आकड्याच्या मध्यावर पडलो. मुख्याध्यापकांनी जुन्या सवयीनं शेरे वाचून दाखवले. मुलगी, उत्तम. ताई, प्रगती आहे. माझ्या वाट्याला "पालकांनी भेटावे" असा शेरा आला. या वयात मी पालक आणायचे कुठून?

शेजारचे दातांचे डॉक्टर हा सगळा वेळ गॅलरीतून पाहत होते. त्यांच्याकडे एक फार भारी सायकल आहे. ती दिवाणखान्यात असते आणि पाहुणे तिच्या बाजूला अंग चोरून बसतात. डॉक्टरांना व्यवसायामुळे एक सवय लागली आहे, ते प्रश्न विचारतात आणि उत्तराला वाव देत नाहीत. "मी आलो तर चालेल ना? चालेलच. तुम्हाला अनुभवी माणूस लागणार, नाही का? पायाला सायकल अडकवायचे बूट घेतलेत का? नाही घेतलेत." मी तोंड उघडेपर्यंत ते सहलीत सामील झाले होते. पुढे कळलं की ती सायकल दिवाणखान्यातून लिफ्टपर्यंतच काय ती चालली होती.

सराव सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी मला खुर्चीवर बसता येईना. का, ते सभ्य माणसानं विचारू नये. मी कचेरीत उभा राहून तक्रारी ऐकू लागलो. त्याचा परिणाम मोठा विचित्र झाला. लोक म्हणू लागले, हे साहेब किती आदबीनं वागतात, आपण आलो की उठून उभे राहतात. एका म्हाताऱ्या गृहस्थांना गहिवरून आलं. ते पाण्याबद्दल काही न बोलता परत गेले. वरिष्ठांनी मला बोलावून माझं कौतुक केलं आणि "बसा" म्हणाले. मी म्हटलं, नको साहेब, असाच बरा आहे. नम्रतेबद्दल माझा लौकिक त्या आठवड्यात इतका वाढला की पुढे बसता येऊ लागलं तरी बसायची चोरी झाली.

खात्याच्या रस्त्याला खात्याची परवानगी लागते, आणि खातं माझंच, तेव्हा हे काम चुटकीसरशी होईल असं मला वाटलं होतं. तिथेच माशी शिंकली. नियम असा की त्या रस्त्यावर फक्त खात्याची वाहनं आणि पादचारी जाऊ शकतात.

"सायकली खात्याच्या आहेत?" परवानगी विभागातल्या बाईंनी विचारलं. आम्ही दोघं रोज एकाच टेबलावर डबा खातो, पण त्या वेळी त्यांनी मला ओळख दाखवली नाही.

"नाहीत."

"मग तुम्ही पादचारी आहात?"

"सायकलवर असू, म्हणजे तसे नाही."

"म्हणजे नियमाप्रमाणे तुम्ही कुणीच नाही," त्या म्हणाल्या.

माणसानं इतकी वर्षं इमानेइतबारे नोकरी करावी आणि शेवटी हे ऐकावं. अर्ज पुढे सरकेना. मी कुरकुर केली तेव्हा त्या म्हणाल्या, तक्रार असेल तर तक्रार विभागाकडे द्या. मी रागारागानं तक्रार लिहून आवक पेटीत टाकली. दुसऱ्या दिवशी ती माझ्याच टेबलावर आली, आणि हाताला सवयच अशी की मी तिच्यावर 'लवकरच होईल' असं लिहून ती खाली ठेवून दिली. शेवटी तोडगा निघाला. आम्हाला 'सोबत सायकल बाळगणारे पादचारी' म्हणून मान्यता मिळाली. त्यावर अभियंत्यांची सही लागत होती. अभियंते अबोल गृहस्थ आहेत. ते माझ्या टेबलाशी आले तेव्हा मी भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "साहेब, ही रेषा बरोबर आहे ना?"

त्यांच्या चेहऱ्यावर दुखावल्याची छटा आली. "या इमारतीत तेवढी एकच गोष्ट बरोबर आहे," ते म्हणाले आणि सही करून गेले.

अशा रीतीनं खात्यानं, विज्ञानानं आणि अभियंत्यांनी माझ्या स्वप्नाला मान्यता दिली. मी ताईला फोन करून सांगितलं, सगळा उतारच आहे, कुणी मागे राहायचा प्रश्नच नाही. ती म्हणाली, "बघ हं." पण त्या आवाजात 'मजेत' नव्हतं. मग कळलं की ती पहाटे उठून आवारात एकटीच फेऱ्या मारायला येत होती. हे मला मुख्याध्यापकांनी सांगितलं, आणि तिचा शेरा आता 'चांगले'वर गेला असल्याचंही सांगितलं.

तलावावर आम्ही आदल्या दिवशी मोटारीनं पोचलो आणि खात्याच्या विश्रामगृहात उतरलो. सकाळी दार उघडलं तर तलाव नव्हता. धुकं होतं. त्या धुक्यात कुठेतरी पाणी काठाला हळूच लागत होतं, तेवढ्यावरून ओळखायचं. आम्ही ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली, बायको सामान घेऊन डांबरी रस्त्यानं गेली, आणि आम्ही चौघं पाइपाशेजारच्या वाटेवर आलो. पाइप माझ्या खांद्याइतका उंच, करडा, दवानं भिजलेला. आयुष्यभर ज्याच्याबद्दल बोललो त्याला मी पहिल्यांदा हात लावला. आत बारीक थरथर होती.

मग उतार सुरू झाला. मी खोटं सांगत नाही, पहिली घटकाभर सगळं अगदी भिंतीवरच्यासारखं होतं. पॅडल मारायला लागत नव्हतं. दोन्ही बाजूंना उंच गवत होतं. वाट पांढरी, धुकं पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून मुलीची लाल टोपी पुढे तरंगत चाललेली. आपण जागे आहोत की टेबलाशी आहोत, हे मला दोनदा तपासावं लागलं. कुणी मागे नव्हतं आणि कुणी पुढे नव्हतं, सगळे एकाच वेगानं घरंगळत होतो. ताई माझ्या बाजूलाच होती. ती काहीतरी गुणगुणत होती. शब्द कळत नव्हते, पण इतक्या दिवसांत तिच्या तोंडून मी असा आवाज ऐकला नव्हता. डॉक्टरसुद्धा गप्प होते. आपण आयुष्यात एक काम नीट केलं, असं मला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यामुळे, असं मी ठरवलं.

दरीच्या तळाशी एक ओढा होता. पाइप त्याच्यावरून छोट्या पुलानं पलीकडे गेला. आम्हीही गेलो. पुढे वळण असेल म्हणून मी हँडल सैल धरलं. वळण नव्हतं. पाइप समोरच्या डोंगराच्या पायथ्याशी गेला आणि तिथून सरळ, नाकासमोर, निर्लज्जासारखा वर चढत धुक्यात दिसेनासा झाला. शेजारून आमची वाटही गेली होती, खडी पसरलेली आणि शिडीसारखी उभी.

सगळ्यांनी पाइपाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मुलीनं पाइपाला कान लावला. "आत पाणी आहे," ती म्हणाली. "वरच चाललंय, बाबा."

मी अभियंत्यांना फोन लावला.

"साहेब, पाइप डोंगर चढतोय."

"हो. तो बरेच डोंगर चढतो."

"मग पाणी?"

"पाणी दाबानं चढतं."

"आणि भिंतीवरची ती रेषा? तलावापासून सरळ उतरत येते ती?"

"ती दाबाची रेषा," ते म्हणाले. "तिच्याखाली राहिला की पाइप कसाही वरखाली गेला तरी चालतं. पाइपाची रेषा वेगळी, ती खाली काढली आहे. कपाटामागे." मग थोडं थांबून म्हणाले, "का हो?"

मी काही नाही म्हणून फोन ठेवला. बायकोला कळवलं, तर ती म्हणाली, "मी साध्या पाण्याबद्दल बोलले होते. पाइपातल्या पाण्याबद्दल मला कुणी विचारलंच नाही." तिची मोटार पुलापासून थोडं खाली डांबरी रस्त्यावर उभी होती. ते ऐकून माझ्या डोक्यात जे आलं ते मी तसंच बोलून टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

"ताई, तू असं कर. तू मोटारीनं पुढे जा. हा चढ काही तुझ्यासाठी नाही, उगाच त्रास होईल, आणि मग वर सगळ्यांना थांबावं..."

तो शब्द तोंडातून निघाला आणि मला ऐकूही आला. ताईनं माझ्याकडे पाहिलं. रागावलेली नव्हती. ती हातमोजे नीट करू लागली. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली, "हा एकच चढ आहे ना? म्हणजे एकच असणार, नाही का?" आणि मी त्यांच्याकडे वळलो. परत वळलो तेव्हा ताई नव्हती. तिची सायकलही नव्हती. ओढ्यावरून धुकं वर आलं होतं आणि पूलसुद्धा दिसत नव्हता.

"आत्या गेली वाटतं," मुलगी म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. इतका सगळा खटाटोप, ते आठाचे आकडे, त्या परवानग्या, तो उभ्यानं काढलेला आठवडा, सगळं एवढ्याचसाठी होतं की ताई घराबाहेर पडावी, आणि मीच तिला एका वाक्यात परत धाडलं होतं. ती आता मोटारीत बसेल, घरी जाईल, दार लावून घेईल. पुन्हा चल म्हणायची सोय मी ठेवली नव्हती. चष्म्याच्या दुकानासारखाच आमच्या घरालाही ती मागच्या गल्लीनं वळसा घालील की काय, असंही मनात येऊन गेलं.

उरलेले आम्ही चढू लागलो, कारण उभं राहण्यात अर्थ नव्हता. मुलीनं सायकलवर बसूनच जायचं ठरवलं. चाक खडीत फिरलं, ती थोडी वर गेली, तेवढीच खाली आली आणि झुडपात बसली. त्यानंतर ती ढकलू लागली आणि कुणाशी बोलेना. डॉक्टरांच्या त्या खास बुटांना तळाशी लोखंड होतं. एक पाऊल वर टाकलं की ते दोन पावलं मागे येत, सायकलीला मिठी मारून. माझं म्हणाल तर मी सायकल ढकलत होतो की सायकल मला, हे सांगणं कठीण आहे. सोबत सायकल बाळगणारे पादचारी! खात्याच्या परवानगीचं इतकं तंतोतंत पालन आजवर कुणी केलं नसेल.

एका दगडाशी दम खायला टेकलो आणि बायकोला फोन लावला. "ताई पोचली का?"

"इथे? इथे कुणी आलं नाही."

"नीट बघ. केव्हाच निघाली ती."

"अहो, मी पुलाकडेच तोंड करून बसलेय. एक कुत्रं गेलं, बाकी कुणी नाही."

त्या धुक्यात, त्या ओढ्याकाठी, एकटी. वाट चुकली असेल. घसरली असेल. मी सायकल तिथेच टाकली आणि मुलीला म्हटलं, "मी खाली जातो." मुलीचाही चेहरा उतरला होता. ती म्हणाली, मीही येते. आम्ही वळलो, आणि इतक्यात वरून आवाज आला.

"पाइपाच्या बाजूनं या. मधली खडी सैल आहे."

आवाज ताईचा होता. धुक्यातून, डोक्याच्या कितीतरी वरून येत होता, अगदी घरातल्या आतल्या खोलीतून सांगावं तसा. मग मी टाकलेली सायकल उचलली. पाइपाच्या बाजूनं खरोखरच पाऊल ठरत होतं.

वर पोचलो तेव्हा धुकं खाली राहिलं होतं आणि माथ्यावर कोवळं ऊन होतं. पाइपाला आधार द्यायचा सिमेंटचा एक ठोकळा होता, त्यावर ताई बसली होती. सायकल शेजारी नीट टेकवलेली. तिला धापही लागलेली नव्हती. मी मात्र तिच्या पायाशी गवतावर आडवा झालो आणि बराच वेळ आकाशाशिवाय मला काही दिसलं नाही.

"आत्या, तू कशी काय चढलीस?" मुलीनं विचारलं.

"आमच्या इमारतीची लिफ्ट कधी चालू असते का?" ताई म्हणाली. "पिशव्या घेऊन वरच्या मजल्यापर्यंत रोज चढते. त्यापुढे ही सायकल काय, हिला निदान चाकं तरी आहेत."

मी उठून बसलो. "ताई, मी उगाच काहीतरी बोललो खाली. आणि आता तुलाच आमच्यासाठी ताटकळत बसावं लागलं."

ती खाली पाहत राहिली. धुक्याचा पांढरा तलाव झाला होता आणि त्याच्या तळाशी कुठेतरी डॉक्टरांचे बूट खडीवर खरडत होते.

"ह्यांना जिना चढायला फार वेळ लागायचा," ती म्हणाली. "शेवटी शेवटी तर फारच. मी पुढे जाऊन प्रत्येक वळणावर उभी राहायची. हे कठडा धरून येणार, मग दोघं मिळून पुढचं वळण. कधीकधी वैताग यायचा, खोटं कशाला बोलू? हातात पिशव्या, घरात सगळं पडलेलं, आणि हे मधेच थांबून खिडकीतून बाहेर बघणार." तिनं चष्मा काढून पुसला. "आता मी एका दमात वर जाते. वळणावर पाय आपोआप थांबतात, आणि मागे कुणी नसतं."

मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली. तक्रार विभागात इतकी वर्षं काढून 'होईल' या शब्दापलीकडे मी काही शिकलो नव्हतो, आणि तो शब्द इथे उपयोगाचा नव्हता.

"मघाशी इथे पोचले," ताई म्हणाली, "आणि मागे वळून पाहिलं. तर तुमचे आवाज येत होते. तू फोनवर ओरडत होतास, ही गप्प, ते डॉक्टर प्रश्न विचारतायत. सगळे येत होते." ती एवढंच म्हणाली आणि चष्मा पुन्हा घातला.

मी धीर करून सांगून टाकलं. "ताई, असे आणखी डोंगर आहेत पुढे. बरेच आहेत म्हणे."

"असू देत," ती म्हणाली. "मी पुढे होत जाईन."

खालून धुक्यातून डॉक्टरांचा आवाज आला. पहिल्यांदाच त्यांनी एक प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी वाव ठेवला. "वर कुणी आहे का?"

ताई उठली, ठोकळ्याच्या कडेशी गेली आणि तोंडाभोवती दोन्ही हात धरून म्हणाली, "आहे. सावकाश या डॉक्टर, मी थांबलेय."